गाडीच्या छतातला दिवा : तारेपासून एलईडीपर्यंत

बीडच्या स्टँडबाहेर रात्री काळी-पिवळी भरली की ड्रायव्हर आतला दिवा लावूनच भाडं मोजतो. अशा एखाद्या जुन्या जीपमध्ये मान वर करून बघा, दिव्याचं पांढरं झाकण मधोमध करपून तपकिरी झालेलं असतं. आत दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, बोटाच्या पेराहून जरा लांब काचेचा बल्ब पत्र्याच्या दोन पट्ट्यांत अडकवलेला. झाकण करपतं ते त्याच्याच तापानं, कारण तो खातो त्यातली बहुतेक वीज उजेडात नव्हे, उष्णतेत जाते.

अगदी सुरुवातीच्या मोटारींचे पुढचे दिवे कार्बाइडवर पाणी सोडून निघणाऱ्या वायूवर पेटत. तसला जळता दिवा माणसांच्या डोक्यावर कोण टांगणार? विजेचे बल्ब होते, पण त्यांची तापून उजेड देणारी कार्बनची तार रस्त्याच्या धक्क्यांनी तुटे. १९१०च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार तयार केली आणि १९१२ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीनं विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र दिले. बॅटरी गाडीत कायमची आली, आणि मग आतल्या दिव्याचाही मार्ग मोकळा झाला. पुढे ६ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची झाली, ॲम्बेसेडर आली, १९८३ साली मारुती ८०० आली, तरी छतातला बल्ब तारेचाच राहिला.

त्याची खरी किंमत बॅटरी मोजते. १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. दार नीट लागलं नाही आणि दिवा चालूच राहिला, तर दहा तासांत ८ अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप) गेले. परभणीकडच्या एका लग्नात आमची गाडी रात्रभर अशीच राहिली. बॅटरी जुनी होती, सकाळी वऱ्हाडातल्या चौघांनी धक्का मारला तेव्हा ती निघाली. एक वॅटच्या एलईडीनं त्याच वेळात एक अँपिअर-तासही खाल्ला नसता.

मग एलईडी इतक्या उशिरा का आली? लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच दाखवली होती, पण लाल उजेडात नोटा कशा ओळखायच्या? पांढऱ्यासाठी निळा हवा होता आणि तोच हाती लागत नव्हता. जपानमध्ये इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी निळ्या उजेडासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे चांगले स्फटिक वाढवले, शूजी नाकामुरा यांनी १९९३ साली झळझळीत निळी एलईडी दिली. निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर दिला की पांढरा उजेड पडतो. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं, ते मला अगदी योग्य वाटतं. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या स्वस्त बल्बांच्या उजाला योजनेमुळे एलईडी बल्ब आपल्या गावागावांत घराघरांत पोचले.

गाडीत बदलताना मात्र तारेच्या बल्बसाठी केलेली वायरिंग आड येते. तारेच्या बल्बला उलटं-सुलटं नसतं, एलईडीला असतं. काही नव्या गाड्यांत दिवा बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणते, कारण स्विच आणि कंट्रोलरमधून झिरपणारा करंट तारेला कधी पेटवू शकला नाही, पण एलईडीला तेवढा पुरतो. नवा बल्ब घेताना जुन्याची लांबी मोजा, ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटर अशा मापांत ते मिळतात. रंग पिवळसर निवडा. निळसर पांढरा रात्री डोळ्यांना बोचतो. आणि बसवल्यावर लागला नाही तर खराब समजून दुकानात परत नेऊ नका, आधी टोकं उलटी करून लावा.