चंद्रावरच्या पाण्याचं भांडण : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका कॉलेजची पोरं पुढच्या महिन्यात अभिरूप परिषद घ्यायलेत. कल्पना अशी की २०६० साल आहे, चंद्रावर चार-पाच देशांचे तळ झालेत आणि दक्षिण ध्रुवाजवळचा बर्फ कोणी किती उपसायचा यावरून वाद इतका पेटलाय की सगळ्या अंतराळवाल्या सरकारांना एका टेबलाशी बसावं लागतंय. परिषद काल्पनिक आहे पण वादाची मुळं खरी आहेत आणि पार १९५७ पर्यंत जातात, म्हणून ज्यांना कुठल्या ना कुठल्या देशाच्या खुर्चीवर बसायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक, जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, वर गेला आणि कुणालाही न विचारता सगळ्यांच्या डोक्यावरून फिरला. विमान दुसऱ्याच्या हद्दीत घुसलं तर पाडतात, पण इथं कुठल्याच देशानं हरकत घेतली नाही, आणि कक्षेत कुणाची हद्द नसते ही रीत तिथूनच पडली. लेखी काही नव्हतं, जो आधी गेला त्याच्या वागण्यातून नियम झाला. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं जवळपास दर वेळी असंच झालंय.

पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी अंतराळासाठी तात्पुरती समिती नेमली. रशिया तिच्यात बसला नाही, आणि रशियाच नसेल तर चर्चेला अर्थ काय म्हणून भारतही गेला नाही. १९५९ ला कायमची समिती झाली, तिच्यात आपण पहिल्यापासून आहोत. तिथं निर्णय सहमतीनं होतात, त्यामुळं काम फार रेंगाळतं, पण लहान देशाच्या ‘नाही’ला वजन राहतं, आणि मला ती पद्धत मोलाची वाटते.

मग जुलै १९६२ मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. चौदाशे किलोमीटर लांब हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे गेले, काही उपग्रहही निकामी झाले. त्या धास्तीतून १९६३ चा चाचणीबंदीचा करार आला आणि जानेवारी १९६७ मध्ये बाह्य अंतराळ करार सह्यांसाठी खुला झाला. त्यातली दोन कलमं पाठच करा. दुसरं कलम म्हणतं की चंद्रावर किंवा इतर कुठल्याही ग्रहगोलावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. सहावं म्हणतं की खासगी कंपनी गेली तरी जबाबदारी तिच्या सरकारचीच. आता, जमीन कुणाची नाही हे ठरलं, पण त्या जमिनीतून काढलेलं पाणी कुणाचं? त्यावर स्पष्ट एक ओळ नाही, आणि पोरांची अख्खी परिषद त्याच मोकळ्या जागेत उभी आहे.

१९७५ ला अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ ही यानं अंतराळात जोडली गेली, ते तर बारकाईनं वाचाच. जोडणीत नेहमी एक बाजू घुसणारी आणि दुसरी घेणारी असते, मग कमीपणा कुणी घ्यायचा? म्हणून जोड असा बनवला की दोन्ही बाजू सारख्याच, कुणीही पुढाकार घ्यावा. बोलायचं कसं, तर अमेरिकनांनी रशियन बोलायचं आणि रशियनांनी इंग्रजी. शीतयुद्ध चालू असताना इंजिनिअर लोकांनी हा मार्ग काढला!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या शेजारी, गुलबर्गा-विजापूरकडच्या गावांत, कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेची मोठी अँटेना लावून टीव्ही सुरू झाला. देशभरात सहा राज्यांतली चोवीसशे गावं होती. उपग्रह मात्र नासाचा, वर्षभराच्या बोलीवर घेतलेला, मुदत संपली तसा तो निघून गेला आणि कार्यक्रम बंद. दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून राहणं काय असतं ते आपण तेव्हा पाहिलं, आणि पुन्हा १९९३ ला, जेव्हा अमेरिकेच्या दबावामुळं रशियानं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं.

डिसेंबर १९७६ मध्ये कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया अशा विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटात जाहीर केलं की आमच्या डोक्यावरची, ३६,००० किलोमीटरवरची, जिथं उपग्रह एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो ती कक्षा आमची. जगानं ते मानलं नाही, कायद्यानं टिकणारंही नव्हतं. पण त्यांची तक्रार उजनीच्या कालव्यावरच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला लगेच कळेल, हेडवाल्यांनी, म्हणजे सुरुवातीच्या टोकावाल्यांनी, आधी दारं उघडली की खाली काय पोचणार.

हीच तक्रार १९७९ च्या चंद्र करारात आली. चंद्रावरची संपत्ती सगळ्या मानवजातीची, वाटप न्यायानं करायचं. कुठल्याच मोठ्या अंतराळ सत्तेनं तो मंजूर केला नाही. उलट २०१५ ला अमेरिकेनं कायदा केला की आमच्या कंपनीनं तिकडून काढलेलं तिचं. २०२० ला अमेरिकेच्या पुढाकारानं चंद्रावरच्या कामाचे नियम सांगणारा आर्टेमिस करार आला, त्यात तळाभोवती ‘सेफ्टी झोन’ आहेत, म्हणजे एकाच्या कामात दुसऱ्यानं अडथळा आणू नये म्हणून आखलेला भाग. मालकी नाही म्हणतात, पण बर्फ असलेले खड्डे मोजकेच, मग पहिल्यानं झोन आखला की दुसऱ्यानं जायचं कुठं? मार्च २०२१ मध्ये चीन आणि रशियानं आपला वेगळा चंद्रतळ जाहीर केला. नासाला चीनसोबत थेट काम करायला २०११ पासून अमेरिकेच्याच कायद्याची आडकाठी आहे, म्हणजे दोन गट एकमेकांशी धड बोलतही नाहीत.

चीनच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल वाचून यावं. १९३८ ला हा सोलापूरचा माणूस वैद्यकीय पथकासोबत चीनला गेला, जखमींची सेवा करता करता १९४२ ला तिथंच वारला, आणि आजही चीनमध्ये त्याचं नाव आदरानं घेतात. राजनैतिक संबंध बिघडले तरी अशी नावं टेबलावर उपयोगी पडतात असं मला मनापासून वाटतं.

राहिला भारत. चंद्रावर पाणी असल्याचा पुरावा २००९ ला चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणातून आला, ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ दक्षिणेकडं उतरलं, आणि त्याच्या दोन महिने आधी, २१ जूनला, आपण आर्टेमिसवर सही केली, सत्ताविसावा देश म्हणून. चंद्र करारावर मात्र आपली १९८२ ची सही तशीच पडून आहे, मंजुरी नाही. म्हणजे टेलला होतो तेव्हा न्याय्य वाटपावर सही केली आणि हेडला पोचल्यावर दुसऱ्या कागदावर. केनिया किंवा कोलंबियाच्या खुर्चीवरचं पोरगं पहिला प्रश्न हाच विचारणार, तेव्हा भारतवाल्यानं उत्तर घरूनच लिहून आणावं.