वाय नदीकाठचा धूर : रोमँटिक कवितेतल्या निसर्गाची पार्श्वभूमी

इंग्रजी रोमँटिक कवी, म्हणजे भावना आणि निसर्ग यांना कवितेच्या मध्यभागी आणणारे कवी, लिहू लागले तोवर निसर्ग ही सहलीला जाऊन पाहायची गोष्ट झालेली होती. वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासी नावा चालू लागल्या. रॉसला बसायचे, दोन दिवसांनी चेपस्टोला उतरायचे आणि वाटेत कडे, किल्ले, टिंटर्नचा पडका मठ पाहायचा. हा मठ ११३१ मध्ये स्थापन झाला, १५३६ मध्ये राजाज्ञेने बंद पडला आणि पुढे त्याचे छप्परही गेले. १७८२ मध्ये एका पाद्र्याने या सहलीवर पुस्तक छापले. कोणता देखावा चित्रात शोभेल याचे नियम त्यात होते. मठाच्या भिंतींची त्रिकोणी टोके डोळ्यांना खुपतात, जपून हातोडी चालवली तर ती बरी दिसतील, असेही त्याने लिहून ठेवले. हौशी प्रवासी काळसर फुगीर आरसा जवळ बाळगत आणि देखाव्याकडे पाठ करून तो आरशात न्याहाळत.

मन आणि निसर्ग यांना जोडणारे लेखन युरोपात याआधी झाले होतेच. एका तरुणाच्या प्रेमभंगाची गटेची १७७४ ची जर्मन पत्रकादंबरी सर्वांना माहीत आहे. पण इंग्रजी कवितेचा सूर बदलला तो १७९८ मध्ये. 'लिरिकल बॅलड्स' हा वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या दोघा मित्रांचा संग्रह त्या वर्षी कवींच्या नावाशिवाय निघाला. त्यातली शेवटची कविता वर्ड्सवर्थची, टिंटर्नजवळची, १३ जुलै १७९८ या तारखेची.

कवी त्या वेळी २८ वर्षांचा होता आणि बहीण बरोबर होती. तो वायच्या काठी पहिल्यांदा आला होता ऑगस्ट १७९३ मध्ये. त्याआधीच्या डिसेंबरात फ्रान्समध्ये त्याला मुलगी झाली होती, फेब्रुवारीत दोन्ही देशांत युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. त्या भेटीत आपण डोंगरांतून धावत होतो ते कशाच्या तरी भीतीने पळणाऱ्या माणसासारखे, आवडीची वस्तू शोधणाऱ्यासारखे नव्हे, हे कवितेतच आले आहे. नंतरच्या पाच वर्षांत शहरातल्या खोल्यांमध्ये याच खोऱ्याच्या आठवणीने त्याला सावरले. या कवितेतला निसर्ग समोर आहे तितकाच मागे, आठवणीत आहे, आणि माझ्या मते सगळ्या चळवळीची गुरुकिल्ली इथे आहे. याच संग्रहाच्या १८०० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतले 'उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक' हे शब्द सगळे उद्धृत करतात. ती भावना नंतर शांतपणे आठवलेली असते, हा त्याच परिच्छेदातला पुढचा भाग मात्र फार थोड्या जणांच्या लक्षात राहतो. डॅफोडिलच्या फुलांचेही तसेच आहे. ती १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी बहीणभावाने मिळून पाहिली, बहिणीने रोजनिशीत टिपली, आणि एकटेपणाने सुरू होणारी ती कविता १८०४ मध्ये लिहिली गेली.

त्याच १८०२ मध्ये दुसऱ्या मित्राने, कोलरिजने, उलट बाजू मांडली. आपण देऊ तेवढेच निसर्गाकडून परत मिळते आणि तो जिवंत असतो तो आपल्यामुळे, असे सांगणारी ती खिन्न कविता ऑक्टोबरात वृत्तपत्रात आली. टिंटर्नच्या श्रद्धेला तिच्या सर्वांत जवळच्या वाचकाने चार वर्षांनी घेतलेली ही हरकत आहे.

गेली चाळीस वर्षे वाद पेटलेला आहे तो मात्र कवितेच्या शीर्षकावरून. कवितेला टिंटर्नचे नाव आहे, पण मठ तिच्यात कुठेच येत नाही. शीर्षक सांगते की या ओळी मठापासून नदीच्या वरच्या अंगाला काही मैलांवर लिहिल्या. कवीने ही जागा का निवडली? १९८६ मध्ये एका अमेरिकी अभ्यासक बाईंनी याचे फार कठोर उत्तर दिले. मठाच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला भिकारी राहत, हे १७८२ च्या सहलपुस्तकातच आहे. अर्ध्या मैलावर लोखंडाचे कारखाने होते आणि त्यांच्यासाठी काठावरच्या जंगलात कोळसा पाडला जाई. कवी काही मैल वर सरकला आणि हे सारे चौकटीबाहेर गेले, असा त्यांचा आरोप आहे. तारीखही त्यांनी सोडली नाही. १३ जुलै म्हणजे बास्तीय दिनाची, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्धापनदिनाची, पूर्वसंध्या. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला हा तरुण क्रांतीच्या उत्साहात फ्रान्समधल्या कॅले बंदरात उतरला होता. मन आणि निसर्ग यांचे नाते उभे करण्यासाठी माणसे आणि इतिहास पुसले गेले, असा या मांडणीचा निष्कर्ष होता. पुढची काही वर्षे विद्यापीठांतून ही कविता अशीच शिकवली गेली.

उत्तरेही आली. १९९१ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने रोमँटिक कवितेचे पर्यावरणाच्या अंगाने वाचन मांडले. निसर्गाबद्दल बोलणे हीच राजकारणातून पळवाट, हे गृहीतकच त्याने नाकारले. कवीने स्वतः दिलेल्या तळटीपेकडेही पुन्हा लक्ष गेले. टिंटर्नच्या काही मैल वर नदीला भरती-ओहोटी लागत नाही, एवढेच ती सांगते. मठाजवळचे पाणी भरतीच्या गाळाने गढूळ होई. कवितेतला झुळझुळ आवाज गोड्या पाण्याचा आहे आणि तो ऐकायचा तर वरच जायला हवे.

मला हा आरोप अर्धाच पटतो. तारीख लपवायची असती तर ती शीर्षकात कशाला घातली असती? धूरही कवितेत आहे. सहलपुस्तकाने भट्ट्यांच्या कोळशाच्या याच धुराला डोंगरावरचा तलम पडदा म्हणून गौरवले होते. कवी त्या धुराखाली माणसे शोधतो आणि रानात राहणारे बेघर भटके असतील असा अंदाज करतो. पुढच्याच दमात तो गुहेतल्या एखाद्या संन्याशाची कल्पना करतो. आरोप लागू पडतो तो इथे, कारण संन्यासी मनात आला की बेघरांचे दुःख सुसह्य होते. पण संग्रह सलग वाचणाऱ्याला हा आरोप अपुराच वाटेल. शेवटच्या कवितेआधी त्यात युद्धाने आणि गरिबीने देशोधडीला लागलेली स्त्री आहे, पोरांच्या पोटासाठी कळप विकून शेवटचे कोकरू हातात उरलेला धनगर आहे, सुजल्या पायांनी झाडाचे खोड उकरू पाहणारा म्हातारा नोकर आहे. माणसाचे शांत, खिन्न संगीत आपल्याला ऐकू येते, असे टिंटर्नचा कवी म्हणतो तेव्हा ही माणसे वाचकाला नुकतीच भेटलेली असतात.

कवितेतल्या मौनाबद्दल जाब पुढच्या पिढीलाही विचारला गेला. शरद ऋतूवरची कीट्सची ती प्रसिद्ध कविता १९ सप्टेंबर १८१९ ला विंचेस्टरमध्ये लिहिली गेली, मँचेस्टरच्या मैदानात निःशस्त्र जमावावर घोडदळ घातले गेल्यानंतर जेमतेम महिन्याने. नॉर्थहॅम्प्टनशरच्या जॉन क्लेअर या शेतमजूर कवीला मात्र असा जाब कोणी विचारू शकत नाही. त्याच्या गावची मोकळी शेते आणि कुरणे कुंपणात घालण्याचा कायदा १८०९ मध्ये झाला. त्याच्या कवितेतल्या तोडलेल्या झाडांचा शोक खऱ्याखुऱ्या झाडांचा आहे. तरीही पार्श्वभूमी सांगताना त्याला नेहमी तळटीपेत ढकलले जाते, आणि ते मला चुकीचे वाटते.

१८५६ मध्ये रस्किन या कलासमीक्षकाने निर्जीव वस्तूंना मानवी भावना चिकटवण्याच्या सवयीवरच बोट ठेवले. समुद्राचा फेस क्रूर नसतो, दुःखाने भान सुटलेल्याला तो तसा दिसतो. भावना खरी असेल तर ते क्षम्य, उसनी असेल तर दोष. मेघदूत वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. यक्ष ढगाला निरोप सांगायला लागतो तेव्हाच कवी बजावतो की ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा; कामार्ताला सजीव-निर्जीव कळत नाही.

१८८५ नंतरच्या मराठी कवितेत इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने हा वारसा आला आणि आपल्या जुन्या संस्काराला मिळाला. बालकवींच्या 'औदुंबर'च्या आठ ओळींत 'मी' कुठेच नाही. झरा, गाव, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड एवढेच आहे. त्यातली भावना कोणती, यावर आपले समीक्षक आजही भांडतात.

टिंटर्नच्या कवीचा खरा वादग्रस्त निर्णय मला म्हातारपणीचा वाटतो. १८४४ मध्ये इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात (लेक डिस्ट्रिक्ट) केंडल ते विंडरमिअर रेल्वेची योजना आली. तिच्याविरुद्ध त्याने सुनीत लिहिले, वृत्तपत्राला पत्रे पाठवली. कामगारांचे लोंढे आले तरी हे सौंदर्य पाहण्याची नजर त्यांना एकदम येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. हे वाचवत नाही. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. पण सरोवरांच्या प्रदेशाबद्दलच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात याच माणसाने म्हटले होते की, ज्याला पाहायला डोळे आणि अनुभवायला हृदय आहे अशा प्रत्येकाचा हक्क असलेली ही एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या मागणीत हे वाक्य पुन्हापुन्हा पुढे आले. १९४९ मध्ये कायदा झाला, १९५१ मध्ये सरोवरांचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

वायच्या खोऱ्यालाही १९७१ मध्ये संरक्षित निसर्गसौंदर्याचा दर्जा मिळाला. तरी २०२३ मध्ये सरकारी तपासणीत नदीची स्थिती खालावत असल्याचा शेरा आला. कोळशाच्या भट्ट्या केव्हाच विझल्या आहेत. आता खोऱ्यात कोंबड्यांचे प्रचंड मोठे फार्म आहेत. त्यांचे खत शेतांवर पडते, त्यातले फॉस्फेट पावसाबरोबर नदीत उतरते आणि उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवे होते. हे फॉस्फेट येते ते मुख्यतः वरच्या अंगाने, भरतीचे पाणी जिथवर पोहोचत नाही तिथून.