जातिवंत कुत्रा : अंगावरून ओळखायचा की कागदावरून?

पिल्लाचा जबडा उघडायचा, टाळू काळी दिसली की ‘अस्सल आहे’ म्हणून मान डोलवायची. ही परीक्षा घेणारे पुष्कळ भेटतात. टाळूचा काळेपणा म्हणजे फक्त रंगद्रव्य, आणि ते रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडातही तितकंच सापडतं. मागच्या पायाच्या जादा नखाचंही तसंच. ब्रिआर्ड किंवा ग्रेट पायरेनीज या जातींत तिथे दुहेरी नख असावंच लागतं, बऱ्याच जातींत ते नसतंच, आणि ज्यांना कुठलीच जात नाही अशा कुत्र्यांतही अधूनमधून दिसतं. त्यावरून वंश काढता येत नाही.

मग एकूण रूप बघून सांगता येईल का? इथे कुत्र्यांची जनुकं आपल्याला चांगलंच चकवतात. माणसाची उंची शेकडो-हजारो जनुकांच्या बारीक बारीक हातभारातून ठरते. कुत्र्याच्या दिसण्यातले ठळक फरक मात्र मोजक्याच जनुकांवर उभे आहेत. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत की नाहीत, हे बहुतेक जातींत तीन जनुकांवरून ठरतं, असं २००९ साली दिसून आलं. डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड यांचे आखूड पाय तर एका जनुकाची जास्तीची प्रत डीएनएत भलत्याच जागी चिकटल्यामुळे आले. असे दोन-चार पत्ते पिसले गेले की आईबापांशी काडीचंही साम्य नसलेलं पिल्लू जन्माला येतं.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी बसेन्जी आणि कॉकर स्पॅनियल यांचा मुद्दाम संकर केला. त्यांचं काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या पिढीची पिल्लं ना बसेन्जीसारखी होती, ना कॉकरसारखी. त्यांची आपसात वीण केल्यावर दुसऱ्या पिढीत तर इतकी तऱ्हातऱ्हांची पिल्लं निघाली, की आजी-आजोबा कोण हे ओळखायला सांगितलं असतं तर जाणकारही गडबडले असते. म्हणूनच ‘लॅब्रॅडॉर क्रॉस दिसतोय’ हा छातीठोक अंदाज डीएनए तपासणीपुढे बऱ्याचदा टिकत नाही.

उलटंही घडतं. दोन काळ्या लॅब्रॅडॉरांच्या एकाच वेतात काळी, चॉकलेटी आणि पिवळी अशी तिन्ही रंगांची पिल्लं निघू शकतात. चॉकलेटी आणि पिवळ्या रंगाची जनुकं अप्रभावी आहेत. ती पिढ्यान् पिढ्या दडून राहतात आणि आई-बाप दोघांकडून आली तरच रंग दाखवतात. जर्मन शेफर्डच्या वेतात अचानक पांढरं पिल्लू येतं तेही असंच. ‘बाहेरचा नर लागला असणार’ ही शंका अशा वेळी हमखास निघते आणि बहुतेकदा बिचाऱ्या कुत्रीवर अन्याय करते. त्याहून जुना गैरसमज म्हणजे कुत्रीला एकदा भलता नर लागला की तिची पुढची सगळी वेतं बिघडतात. असं काही होत नाही. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे मात्र खरं. त्यामुळे एका पिल्लाची तपासणी करून अख्ख्या वेताची खात्री देता येत नाही.

डीएनए तपासणी वरच्या रूपाच्या खाली उतरते. गालाच्या आत बोळा फिरवून पेशी घेतात, डीएनएमधली हजारो ठिकाणची अक्षरं वाचतात आणि ज्ञात जातींच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. २००४ मधल्या एका अभ्यासात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांची जात नुसत्या डीएनएवरून बरोबर ओळखता आली. पणजोबा-पणजींपैकी एक जण परक्या जातीचा असेल, तर त्याचा सरासरी साडेबारा टक्के वाटा लांबलांब तुकड्यांच्या रूपात दिसतो. आणखी मागे जावं तसे तुकडे लहान होत जातात आणि शेवटी तपासणीच्या जाळीतून निसटतात. शिवाय उत्तर येतं ते संग्रहात असलेल्या जातींमधूनच. जगातली बहुसंख्य कुत्री कुठल्याच जातीची नाहीत. जातींची सरमिसळ होऊन ती तयार झालेली नाहीत, ती या जातींच्याही आधीपासून आहेत. अशा कुत्र्याचा अहवाल चार-पाच जातींची टक्केवारी देतो, तेव्हा तो वाचून गंमत वाटून घ्यावी, एवढंच.

मुळात ‘शुद्ध’ ही कल्पनाच नोंदवहीतली आहे. आधुनिक पद्धतीचं पहिलं श्वानप्रदर्शन १८५९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला भरलं आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, स्थापन झाला. त्यानंतर जातवार नोंदवह्या बाहेरच्या कुत्र्यांसाठी हळूहळू बंद होत गेल्या. वहीत नाव असलेल्या आईबापांचं पिल्लू तेवढं त्या जातीचं. म्हणून पिल्लू घेताना वंशावळीचा कागद, त्यावरचा मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक आणि पिल्लाच्या कातडीखालच्या चिपचा क्रमांक जुळतो का, हे टाळू बघण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. शंका असलीच तर पिल्लाचा डीएनए त्याच्या आईबापांशी ताडून घ्यावा. जात शोधण्यापेक्षा हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे आणि त्याचं उत्तरही पक्कं मिळतं.

वही आणि डीएनए यांचं भांडण डाल्मेशियनच्या बाबतीत उघड्यावर आलं. या जातीत एक सदोष जनुक इतकं पसरलं होतं, की झाडून सगळ्या शुद्ध डाल्मेशियनांच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असे आणि त्यातून अनेकांना मूतखडे होत. निरोगी जनुक जातीत उरलंच नव्हतं. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकतज्ज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीशी एकच संकर केला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत निरोगी जनुक असलेली पिल्लं निवडून ती पुन्हा डाल्मेशियनशीच जोडली. दर पिढीला पॉइंटरचा वाटा निम्मा होतो, म्हणजे दहा पिढ्यांत तो हजारातल्या एका भागाहूनही कमी उरतो. तरी डाल्मेशियन पाळणाऱ्यांमधून कडाडून विरोध झाला आणि या वंशाला अमेरिकन केनेल क्लबच्या वहीचं दार कायमचं उघडायला २०११ साल उजाडलं. तोवर पॉइंटरचं म्हणावं असं त्यांच्यात जवळपास काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते एक धड जनुक.