दोन डिझेल इंजिनांमधलं अंतर : कपलर बदलायला आणण्यापूर्वी

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (मांडलेल्या रुळांवर) जोडून उभ्या केलेल्या दोन डिझेल इंजिनांकडे पाहताना नजर आधी मधल्या फटीवर जाते. रंग, जाळ्या, हँडरेल सगळं जमलेलं असतं, आणि मधे मात्र बोट सहज जाईल एवढी जागा! तीव्र वळणावर इंजिनं एकमेकांना घासू नयेत म्हणून कारखान्याने ती मुद्दाम ठेवलेली असते. सुरुवातीच्या सेटमधला कर्व्ह बहुतेक वेळा १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्येचा असतो. एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याचं मॉडेल; त्या ८७ पटीने तो खऱ्या रुळावर जेमतेम ४० मीटरचा झाला. आपल्या ब्रॉडगेजवर १० अंशांचा, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचा कर्व्ह सगळ्यात तीव्र धरतात. तो एचओमध्ये काढायचा तर त्रिज्या दोन मीटर लागेल, आणि एवढी खोली फार थोड्यांकडे असते.

म्हणून "सगळ्यात आखूड कपलर (इंजिनं जोडणारा आकडा) द्या" असं कोणी आमच्याकडे येऊन म्हटलं की आम्ही आधी विचारतो, तुमच्या लेआउटवरचा सगळ्यात तीव्र कर्व्ह कितीचा?

फट नको, लांबी मोजा

अमेरिकन इंजिनांची लांबी एका टोकाच्या कपलरच्या पकडीपासून दुसऱ्या टोकाच्या पकडीपर्यंत देतात. त्यामुळे एकाच जातीची दोन इंजिनं जोडली की एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर बरोबर त्या लांबीएवढं येतं. एसडी४०-२ची लांबी ६८ फूट १० इंच. एचओमध्ये एका फुटाला साडेतीन मिमी, म्हणजे २४१ मिमी. जीपी३८-२ ५९ फूट २ इंचांचं, त्याचे २०७ मिमी.

दोन्ही इंजिनं सरळ रुळावर एकाच दिशेला तोंड करून ठेवा, हलकेच ओढून कपलरमधला ढिलेपणा काढा, आणि एकाच्या केबिनच्या कडेपासून दुसऱ्याच्या त्याच कडेपर्यंत पट्टी लावा. एसडी४०-२ला २५० मिमी आले तर ९ मिमी कमी करायचेत, प्रत्येक इंजिनाच्या वाट्याला साडेचार.

आता कपलरकडे या. केडी कंपनीच्या १४८ नंबरच्या कपलरची दांडी ९/३२ इंच, म्हणजे ७.१ मिमी. आखूड १४३ची पाव इंच, ६.३५ मिमी. दोन्ही इंजिनांना १४८च्या जागी १४३ बसवलात तरी वाचतात दीड मिमीच्या आसपास! जुना कपलर लांब १४६ (९.९ मिमी) असेल तर ७ मिमी वाचतात, तिथे नुसत्या बदलाने काम होतं. एरवी कपलरची पेटीच मागे सरकवावी लागते : नवीन भोक, नवीन आटे, आणि कधी चासीचं थोडं घासकाम. पैसे कपलरवर घालण्याआधी हे समजून घ्या, कारण निराशा इथेच होते.

कर्व्ह किती जागा खातो

वळणावर इंजिनांचे आतल्या बाजूचे कोपरे एकमेकांकडे येतात. किती येतात, याचा आमचा हिशोब सोपा आहे : इंजिनाची रुंदी गुणिले लांबी, भागिले कर्व्हचा व्यास. एसडी४०-२ सुमारे ३६ मिमी रुंद आहे. २२ इंची कर्व्हचा व्यास १११८ मिमी. ३६ × २४१ ÷ १११८ केलं की पावणेआठ मिमी येतात. म्हणजे सरळ रुळावर दोन्ही इंजिनांच्या समोरासमोर येणाऱ्या पाट्यांमध्ये याहून कमी जागा राहिली, तर वळणावर कोपरे घासणारच. ३० इंची कर्व्हवर हाच आकडा पावणेसहाच्या आसपास उतरतो. पाठोपाठ उलट दिशेचे दोन कर्व्ह किंवा जोडून लावलेले दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) असतील, तर त्यावर आणखी मोकळीक ठेवा. एका ग्राहकाची जोडी आम्ही हे न विचारताच आखूड करून दिली होती. यार्डात गाडी मागे ढकलताना ती दर वेळी रुळावरून उतरायची. पेट्या पुन्हा पुढे आणून दिल्या, पण जुनी भोकं बुजवलेली दिसतात, त्याचं आजही वाईट वाटतं.

डब्ल्यूडीएम-२ची जोडी

आपल्या भारतीय इंजिनांना टोकाला दोन बाजूंना बफर (धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या) असतात, म्हणून इथे गणित वेगळं. डब्ल्यूडीएम-२ बफरसकट १७.१२ मीटर, म्हणजे एचओमध्ये १९७ मिमी. खऱ्या जोडीत बफर जवळजवळ टेकलेले दिसतात. दोन्ही बफरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर साधारण २.४ मीटर, मॉडेलवर २८ मिमी धरा. २२ इंची कर्व्हवर २८ × १९७ ÷ १११८, सुमारे ५ मिमी. टेकलेले बफर तिथे एकमेकांना ढकलून चाकं उचलतात. स्प्रिंगचे बफर लावले तर थोडं निभतं. ३० इंचांपेक्षा कमी त्रिज्येचे कर्व्ह असलेल्या लेआउटवर बफर टेकवून जोडी आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. शोकेससाठी हवी असेल तर आनंदाने देऊ.

जोडी कायम एकत्रच चालणार असेल, तर कपलर काढून दोन भोकांची पितळी पट्टी घालणं आम्हाला जास्त आवडतं. भोकांमधलं अंतर अर्ध्या मिमीने बदलता येतं आणि ढिलेपणा राहत नाही. मात्र आधी दोन्ही इंजिनांचा वेग जुळवून घ्या. नाहीतर एक दुसऱ्याला ओढत राहतं.

येताना दोन्ही इंजिनं, सगळ्यात तीव्र कर्व्हची त्रिज्या आणि पॉइंटांचा एक फोटो आणा. जोडी ताब्यात देण्याआधी आम्ही ती तेवढ्याच कर्व्हवर, मागे १० डबे लावून, ओढून आणि ढकलून तुमच्यासमोर चालवतो.