ऑटोफॅजी की फॅगोसायटोसिस? रेटिनामागच्या एकाच पेशीची दोन कामं

उतारवयात मॅक्युला, म्हणजे रेटिनाचा मधला भाग, झिजण्याच्या आजाराबद्दल (एएमडीबद्दल) वाचताना ‘ऑटोफॅजी’ आणि ‘फॅगोसायटोसिस’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. गोंधळ होणं साहजिकच आहे, कारण रेटिनामागच्या रंगद्रव्याच्या थरातली, आरपीईची, प्रत्येक पेशी दोन्ही कामं करते.

कचरा कुणाचा, हा खरा फरक. ऑटोफॅजीत तो पेशीचा स्वतःचा असतो. निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं), बिघडलेली प्रथिनं दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, रवाना होतात. यासाठी लागणारी जनुकं यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

फॅगोसायटोसिसमध्ये कचरा शेजाऱ्याचा. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींच्या बाह्यखंडाचा साधारण दहावा हिस्सा रोज झडतो, उजाडल्यावर सर्वांत जास्त, आणि आरपीई तो गिळते. या पेशी सहसा विभागत नाहीत. त्याच पेशींना हे आयुष्यभर निभवावं लागतं.

बिघाडही वेगळे. गिळण्यासाठी लागणारं एमईआरटीके हे प्रथिन जन्मतः सदोष असेल तर झडलेला माल तसाच साचतो, दंडपेशी मरू लागतात आणि लहान वयातच रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टी हळूहळू हिरावणारा आजार होतो. ऑटोफॅजी मंदावण्याची गोष्ट इतकी सरळ नाही. वयासोबत पेशीत लायपोफ्युसिन हा न पचलेला गाळ साठतो, थराखाली ड्रुसेन, म्हणजे पिवळसर साठे, जमतात. पण त्यात ऑटोफॅजीचा वाटा किती आणि गिळलेलं न पचण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड.

त्यात आणखी एक गुंता. एलसी३ हे ऑटोफॅजीची खूण मानलं जाणारं प्रथिन गिळलेल्या मालाच्या एकेरी पडद्यावरही चिकटतं. उंदरांच्या आरपीईतून एटीजी५ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक काढलं, तेव्हा गिळलेलं नीट पचेना आणि दृष्टीला लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा पुनर्वापरही घटला. म्हणून नुसतं एलसी३ दिसलं की ‘ऑटोफॅजी वाढली’ म्हणणं मला घाईचं वाटतं. उपास करून ऑटोफॅजी वाढवा आणि डोळे वाचवा, या सल्ल्याला तर माणसांतला ठोस पुरावाच नाही.

दोन्ही वाटा शेवटी लायसोसोमलाच मिळतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध लायसोसोममधली आम्लता कमी करतं, त्यामुळे दोन्हीकडचं पचन अडतं. दीर्घकाळ घेतल्यास रेटिनाला होणाऱ्या इजेचं हे एक स्पष्टीकरण. ल्युपस किंवा संधिवातासाठी ते घेणाऱ्यांचा डोस सहसा दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि पाच वर्षांनंतर, धोका जास्त असल्यास आधीपासूनच, दरवर्षी रेटिना तपासतात.