कृष्णविवराचे वस्तुमान मोजण्याच्या पद्धती

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचे वस्तुमान नेहमी शेजाऱ्यांवरून काढावे लागते: त्याच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेला तारा, वायू किंवा दुसरे कृष्णविवर कसे फिरते यावरून. सूर्याचे वस्तुमान हे यातले एकक. गणित बहुतेक ठिकाणी केप्लरच्या ग्रहगतीच्या नियमाचेच असते. खरा कस लागतो तो कक्षेचा कल (ती आपल्याला किती तिरकी दिसते) आणि वस्तूचे अंतर ठरवताना.

सर्वांत स्वच्छ मोजणी आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराची. तिथला एस-२ हा तारा १६.०५ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मधल्या धुळीतून दृश्य प्रकाश पोचत नाही, म्हणून त्याचे निरीक्षण अवरक्त किरणांत, वातावरणाची थरथर क्षणोक्षणी सुधारणाऱ्या दुर्बिणींनी होते. त्याच्या कक्षेचा अर्ध दीर्घ अक्ष (लांबट कक्षेच्या लांबीचा निम्मा भाग) आकाशावर ०.१२५ कोनसेकंद भरतो; कोनसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ८,२८० पारसेक (१ पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतरावर याचा अर्थ १,०३५ खगोलीय एकके, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या तितके पट. या संख्येच्या घनाला आवर्तकालाच्या वर्गाने भागले की सुमारे ४३ लाख सौर वस्तुमाने मिळतात. अंतर ३% चुकले, तर घनामुळे उत्तर ९% चुकेल. म्हणून वर्णपटावरून ताऱ्याचा दृष्टिरेषेतील वेगही मोजतात. वेग किलोमीटरमध्ये आणि सरकणे कोनात कळले की अंतर त्याच कक्षेतून निघते. या कामासाठी राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

ताऱ्यांपासून बनलेल्या कृष्णविवरांच्या बाबतीत कक्षा दिसतच नाही, कारण जोडी एका बिंदूत सामावलेली असते. दिसतो फक्त जोडीदार ताऱ्याच्या वर्णरेषांचा पुढे-मागे होणारा सरकाव. व्ही-४०४ सिग्नी या जोडीमध्ये आवर्तकाल ६.४७ दिवस आणि वेगाचा आयाम (मध्यापासूनचा कमाल चढउतार) सेकंदाला सुमारे २०८ किमी आहे. यावरून वस्तुमान-फलन ६.०८ सौर वस्तुमाने येते. हा आकडा म्हणजे अदृश्य जोडीदाराची किमान मर्यादा, त्याचे वस्तुमान नव्हे. नवखे इथेच गोंधळतात. तरीही न्यूट्रॉन तारा साधारण ३ सौर वस्तुमानांपलीकडे टिकत नसल्याने एवढ्यावरच कृष्णविवर सिद्ध होते. पुढे जायला कक्षेचा कल लागतो. ताणल्यामुळे लांबट झालेला तारा फिरताना त्याची तेजस्विता कमी-जास्त होते, त्यावरून तो काढतात. पण कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीचा उजेड मिसळला की हा चढउतार दबतो, कल प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो आणि वस्तुमान फुगते. जोडीदार तारा हलका असेल, तर कल ६०° ऐवजी ५०° धरल्याने ते सुमारे ४५% वाढते. अंतराचाही फटका बसतो: सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर आधीच्या अंदाजापेक्षा दूर, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर असल्याचे रेडिओ पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना वस्तूचे दिसणारे सरकणे) ठरले आणि २०२१ मध्ये त्याचे वस्तुमान १५ वरून २१ वर गेले.

एम-८७ या दीर्घिकेने आणखी एक धडा दिला. केंद्राजवळच्या वायूच्या वेगावरून तिच्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ३.५ अब्ज, ताऱ्यांच्या वेगावरून ६ अब्जांहून अधिक येत होते. वायूवर गुरुत्वाकर्षणाखेरीज दाब आणि झोतांचाही परिणाम होतो. तो पातळ चकतीत वर्तुळाकार फिरतो हे गृहीत तिथे लंगडे पडते. एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेतील ४२ मायक्रोकोनसेकंद व्यासाच्या कड्याने ६.५ अब्ज हा आकडा दिला आणि ताऱ्यांची बाजू खरी ठरली.

दूरच्या सक्रिय दीर्घिकांत केंद्राचा उजेड वाढल्यावर भोवतीचे वायुढग किती उशिरा उजळतात ते पाहतात. हा विलंब गुणिले प्रकाशवेग म्हणजे ढगांचे अंतर, आणि वर्णरेषेच्या रुंदीवरून त्यांचा वेग; या दोहोंवरून वस्तुमान निघते. निरीक्षणे महिनोन्‌महिने, कमी खंडाने लागतात. वस्तू दरवर्षी सूर्याआड जात असेल, तर सहा महिन्यांच्या आसपासचा विलंब ओळखणे फार अवघड जाते.

गुरुत्वीय लहरींत (अवकाश-काळातील तरंगांत) तारा किंवा वायू लागत नाही. अमेरिकेतील लायगो या लहरीशोधक प्रकल्पाने टिपलेल्या १४ सप्टेंबर २०१५ च्या संकेताची वारंवारता ०.२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्झवर चढली. त्या चढण्याच्या दरावरून ३६ आणि २९ सौर वस्तुमानांची जोडी ६२ चे एक कृष्णविवर झाल्याचे निघाले. मात्र विश्वाच्या प्रसरणाने लहरी ताणल्या जातात आणि मोजलेले वस्तुमान जास्त भरते, या संकेतात सुमारे ९%. ही दुरुस्ती करायला अंतर हवे, आणि कक्षा कडेने दिसणारी जवळची जोडी व कक्षा समोरून दिसणारी दूरची जोडी यांचे संकेत सारख्याच ताकदीचे असू शकतात. लायगोचे दोन्ही शोधक जवळजवळ एकाच दिशेने मांडलेले असल्याने त्यांना हा फरक नीट कळत नाही. ऑगस्ट २०१७ पासून वेगळ्या दिशेने मांडलेला इटलीतील व्हर्गो हा शोधक सोबत आल्यावर तो अधिक चांगला सुटू लागला.