वारली चौकाचे उसने अर्थ

वर्तुळ म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडं, चौकोन म्हणजे माणसाने आखलेली पवित्र जागा. वारली चित्रांचं हे सूत्र शाळेच्या प्रकल्पवहीपासून हॉटेलातल्या पाटीपर्यंत सगळीकडे दिसतं. ते रूढ झालं बाहेरच्या अभ्यासकांच्या लिखाणातून, तेही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत.

चित्रांच्या वयाबद्दलही असंच झालं. कुणी परंपरा इसवी सनापूर्वी 2500 पर्यंत मागे नेतं, कुणी दहाव्या शतकापर्यंत. आधार मुख्यतः मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या शैलचित्रांशी दिसणारं साम्य. कुडाच्या भिंती लग्नाआधी सारवल्या जातात, जुनं चित्र त्याखाली जातं. शतकांपूर्वीची भिंत कुणी दाखवू शकत नाही, आणि साम्यावरून वंशावळ ठरत नाही.

खरा पेच 1970 च्या दशकातल्या एका निर्णयाचा आहे. त्याआधी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, लिहायचा तो सवाशिणींनी, लग्नाच्या घरात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत असे. देवचौकात पालघाट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौक नाही तर लग्न नाही. चौकोनाचा अर्थ या कामात होता. सुटा काढून विचारला तर हाती थोडंच लागतं. मग उत्पन्नाचं साधन म्हणून सरकारी हस्तकला योजनेतून पाड्यांवर कागद आणि रंग पोहोचले. डहाणू तालुक्यातल्या एका पुरुषाची चित्रं पुढे आली, 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जागा मिळाली, 2011 मध्ये पद्मश्री. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तारपा नाच, मासेमारी, भातकापणी, मुंग्यांची वारुळं असे विषय त्यांनी स्वतंत्र चित्रात आणले, ही मोठीच झेप. पण बाजार उभा राहिला तो पुरुषांभोवती, आणि चौक लिहिणाऱ्या बायका चित्राच्या श्रेयातून बाहेर पडल्या. योजनेचं समर्थन करणारे मिळालेल्या रोजगाराकडे बोट दाखवतात, आणि तो खरा आहे. तरी सवाशिणींना आधी का विचारलं नाही, याचं पटणारं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

बिहारमधल्या मिथिलेत कागदाचा हाच प्रयोग 1960 च्या दशकातल्या दुष्काळात झाला होता. तिथे कागद बायकांच्या हाती गेला आणि नावं बायकांचीच झाली. अर्थाची गफलत मात्र तिथेही टळली नाही. 1934 च्या भूकंपात पडलेल्या घरांमधली कोहबर (नवदांपत्याच्या खोलीतली) चित्रं एका ब्रिटिश अधिकाऱ्याने पाहिली आणि कमळ-बांबूच्या आकृतीत स्त्री-पुरुष मीलन वाचलं. तो अर्थ जगभर गेला. पुढे चित्र काढणाऱ्या बायकांशी बोललेल्या अभ्यासकांनी तो खोडला: त्यांच्या लेखी ती पुरइन, म्हणजे तळ्यातली कमळाची पानं.

अलीकडच्या घडामोडींत 2010 च्या दिवाळीत एका शीतपेयाची वारली शैलीतली जाहिरात आली, आणि 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव आणि प्रदेश राखला जातो. लग्नातला चौक आणि टी-शर्टवरचा चौक यांत ते फरक करत नाही, आणि चौक लिहिण्याचा मान कुणाचा, यावरही त्याचा काही अंमल चालत नाही.